सासूबाईंचा ट्रे तसाच परत जातो

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: ७९ वर्षांच्या सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं, शेवटी झालं, त्याला आता आठवडा होतोय. टाके कोरडे आहेत, पण खाणं जवळजवळ बंद आहे. दिवसभरात तीन कप चहा, चार मारी बिस्किटं, एक नारळपाणी, अर्धी वाटी पेज आणि वरणाचं पाणी, बस. हॉस्पिटलचा ट्रे तसाच परत जातो. ‘जात नाही गं’ याउपर काही सांगत नाहीत. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत सुधारणा नसेल तर नाकातून नळी घालावी लागेल. नवरा म्हणतो, नळी कशाला, ताकदीचं सलाईन लावा. नणंद म्हणते, या वयात आईचे हाल नकोत, घरी नेऊ, घरच्या अन्नानं बरी होईल. पत्रलेखिका विचारतात: ‘वय झालं की भूक कमी होतेच ना? बळजबरीनं भरवणं मला पटत नाही. पण सुनेनं भरवलं नाही म्हणून खंगल्या, असंही उद्या कोणी म्हणायला नको. मी काय करू?’

ताई,

नळी घालावी की नाही, या प्रश्नाकडे मी येणारच आहे. आधी तुम्ही पत्रात कंसात लिहिलेल्या एका वाक्याबद्दल बोलू. ‘कवळी माझ्या पर्समध्ये आहे, इथे हरवेल म्हणून.’

ऑपरेशनच्या सकाळी भूलतज्ज्ञांनी कवळी काढायला सांगितली असणार. ते बरोबरच होतं. पण त्यानंतर ती तोंडात परत गेलीच नाही, आणि ट्रेमध्ये रोज येतेय पोळी, फ्लॉवरची भाजी आणि काकडीच्या चकत्या. दात नसताना हे ताट समोर आलं तर कोणीही ‘जात नाही’ असंच म्हणेल. त्यात चार परक्या माणसांत बोळकं दाखवायची लाज. चहात बुडवलेली मारी, पेज, वरणाचं पाणी: त्या जे जे घेतायत त्यात चावायचं काहीच नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?

तेव्हा आज दुपारी पहिलं काम हे करा. कवळी धुऊन द्या, नाव लिहिलेली झाकणाची डबी उशाशी ठेवा आणि वॉर्डच्या मावशींना दाखवून ठेवा (हरवलेल्या कवळ्या बऱ्याचदा चादरीत गुंडाळल्या जाऊन धुलाईला गेलेल्या असतात). घालण्याआधी बॅटरी घेऊन तोंडात नीट बघा. अँटिबायोटिक चालू असताना जिभेवर, टाळूवर दह्यासारखे पांढरे डाग येतात, आग होते, गिळवत नाही. तसं दिसलं तर सिस्टरना सांगा, त्याला साधं औषध असतं. वजन उतरलेलं असलं की हिरड्याही आकसतात आणि कवळी सैल होते, टोचते. तसं असेल तर ती तूर्तास राहू दे, पण मग किचनला ‘सॉफ्ट डाएट’ असं स्पष्ट कळवा.

आता ‘वय झालं की भूक कमी होतेच ना?’ याबद्दल. होते, पण वर्षावर्षानं, हळूहळू. घरी दोन वेळा भाकरी कुस्करून खाणारी बाई आठवड्यात पेजेवर येते, त्याला वय जबाबदार नाही. आठवड्यात वय वाढत नाही. दुसरं काहीतरी आहे आणि ते शोधता येतं. तुमच्याच पत्रात मला बरंच सापडलं.

ऑपरेशन दोनदा पुढे गेलं म्हणजे दोन वेगवेगळे दिवस त्या ‘रात्री बारापासून काही देऊ नका’ या हुकमाखाली होत्या. भूल देण्याआधी जड अन्न सहा तास आणि पाणी, काळा चहा अशी पारदर्शक पेयं दोन तास बंद, एवढं साधारणपणे पुरतं. बारा-पंधरा तासांचा कडकडीत उपास बहुतेकांना लागत नाही. मधुमेही, जठर सावकाश रिकामं होणारे रुग्ण यांचं वेगळं असू शकतं, म्हणून स्वतः ठरवू नका, भूलतज्ज्ञांना विचारा. पण ऑपरेशन रद्द झाल्याचं कळल्या क्षणी ‘आता खायला देऊ का?’ हे विचारायचं काम नातेवाइकांचंच. कोणी विचारलं नाही तर संध्याकाळपर्यंत कोणी सांगत नाही.

दुसरं, त्या पाणी मोजकंच पितात, कारण सारखं भांडं मागायला संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडच्या बायकांची ही आयुष्यभराची सवय आहे. प्रवासात, लग्नकार्यात पाणी तोडायचं. कोरड्या तोंडाला घास उतरत नाही. त्यात हाडाच्या दुखण्यावर दिलेल्या काही गोळ्यांनी, विशेषतः ट्रामाडॉलनं, मळमळतं आणि पोट घट्ट होतं. शेवटचं पोट साफ कधी झालं, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आज विचारा. बऱ्याच वेळा एक जुलाबाचं औषध हेच भुकेचं औषध ठरतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननंही काहींची भूक मरते, मेट्रोनिडॅझोलनं तोंडाला धातूसारखी चव येते. गोळ्या तुम्ही बंद करायच्या नाहीत, पण राऊंडच्या वेळी ‘यातल्या कशानं भूक जाते का?’ एवढं विचारायचं.

तिसरं, संध्याकाळी त्या भलतंच बोलतात, दिवंगत सासऱ्यांना हाका मारतात. हे ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नका. ऑपरेशननंतर वृद्धांना असा संभ्रम होतो. पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, झोपमोड, यांतल्या कशानंही तो वाढतो, आणि तो असला की माणूस जेवत नाही. डॉक्टरांना आजच सांगा. चष्मा लावून द्या, कानाचं मशीन असेल तर ते लावा. समोर काय ठेवलंय ते दिसलंच नाही तर खायचं कसं?

आणि चौथं, जे मला जास्त काळजीचं वाटतं. ‘सहा महिन्यांपासून त्यांचे ब्लाऊज बाह्यांत सैल झालेत, मी दोन आटवून घेतले.’ म्हणजे खंगणं पडण्याच्या आधीपासूनचं आहे. कदाचित पडल्या त्यालाही तेच कारण असेल, कारण मांडीतलं मांस उतरलं की तोल जातो. सासरे गेल्यावर त्या एकट्याच जेवायला बसतात का, घरी गेल्यावर जरा बघा.

नवऱ्याचं आणि नणंदेचं म्हणणं तोलायचं तर आधी आकडे लागतात. तुम्ही त्यांचं वजन ४४ किलोच्या आसपास सांगितलंत. आजारी वृद्धांसाठी ढोबळ हिशोब असा: दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३० कॅलरी, आणि प्रथिनं निदान १.२ ग्रॅम. म्हणजे सासूबाईंना साधारण १३०० कॅलरी आणि ५३ ग्रॅम प्रथिनं हवीत. चहा, मारी, नारळपाणी, पेज आणि वरणाचं पाणी मिळून होतात जेमतेम चारशे कॅलरी आणि दहा ग्रॅम प्रथिनं. हाड जुळायचंय, जखम भरायचीय, उभं राहायचंय, आणि माल येतोय कॅलरींचा जेमतेम तिसरा आणि प्रथिनांचा पाचवा हिस्सा.

नुसतं पडून राहण्यानं काय होतं तेही सांगते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. त्यांना ना आजार होता, ना ऑपरेशन, जेवणही नेमाप्रमाणे होतं. तरी पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. सासूबाईंना तर ऑपरेशन झालंय आणि जेवणही नाही.

ताकदीच्या सलाईनबद्दल तुमच्या यजमानांना एक हिशोब दाखवा. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे शंभराच्या आतच कॅलरी. एका लहान पोळीएवढ्या. प्रथिनं शून्य. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये तर पाणी आणि मीठच. दिवसाची भूक या बाटल्यांनी भागवायची तर तेरा-पंधरा बाटल्या लागतील, आणि तेवढं पाणी त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. सलाईन पाणी कमी पडल्यावर लावतात, जेवणाऐवजी नव्हे. ‘अल्ब्युमिन कमी आलंय, ती महागाची बाटली लावू या’ असंही कोणी सुचवेल. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन, आजारात, सुजेत ते आपोआप खाली येतं. बाटलीनं रिपोर्टातला आकडा वाढतो, अंगाला मांस लागत नाही. शिरेतून संपूर्ण पोषण देण्याची पद्धत आहे, पण ती आतडी काम करत नसतील तेव्हाची.

मग खायला काय द्यायचं? थोडं, वारंवार, आणि प्रत्येक घासात काहीतरी ‘असलेलं’. वरणाचं पाणी बंद करून घोटलेलं घट्ट वरण द्या, वर चमचाभर तूप. पेजेत पाण्याऐवजी दूध, आणि त्यात दोन चमचे दुधाची पावडर. चहा त्या सोडणार नाहीत, सोडवूही नका. फक्त दुधाचा करा. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. चालत नसेल तर कुस्करलेलं पनीर, सायीचं दही, सातूचं पीठ, मुगाचं घट्ट कढण. नारळपाण्याची आपल्याला भारी श्रद्धा. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. त्यात प्रथिनं नसल्यातच जमा, आणि किडनी नाजूक असेल तर त्यातलं पोटॅशियम उलटं बाधतं. पुढच्या पाहुण्याला फोनवर सांगा, येताना ताजं दही आणा.

गुरुवार आणि एकादशी त्या हॉस्पिटलातही सोडत नाहीत, म्हणून तुम्ही वैतागला आहात. मी म्हणते, भांडू नका. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची दुधातली खीर, शिंगाड्याची लापशी, दही. यातलं एकही चावावं लागत नाही आणि पथ्याच्या ताटापेक्षा यात जास्त दम आहे. पुष्कळ म्हाताऱ्या उपासाच्या दिवशीच नीट जेवतात. उपासाचं तेवढं रोज चाललं तरी माझी हरकत नाही, फक्त उपास म्हणजे नुसतं पाणी असं नको.

ट्रेवर ‘डायबेटिक, लो सॉल्ट, लो फॅट’ अशी चिठ्ठी असते, असंही तुम्ही लिहिलंय. चाळिशीतल्या माणसासाठी लिहिलेलं पथ्य खंगलेल्या ७९ वर्षांच्या बाईला जसंच्या तसं लावलं तर तोटाच होतो. कुपोषणाचा धोका असलेल्या वृद्धांना शक्यतो जाचक पथ्यं घालू नयेत, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. साखर इन्सुलिननं सांभाळता येते. डॉक्टरांना विचारा: ‘आठ-पंधरा दिवस पथ्य सैल केलं तर चालेल का?’ बहुतेक जण हो म्हणतात, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

भरवण्याबद्दल. बळजबरी नकोच, तुमचं बरोबर आहे. पण बळजबरी आणि सोडून देणं यांच्या मध्ये बरंच काही करता येतं. दुखण्याची गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास मिळेल असं सिस्टरांशी ठरवून घ्या. खाटेचा पाठीकडचा भाग परवानगी असेल तेवढा उचलून बसतं करा, जमलं तर खुर्चीत. ट्रे हाताला लागेल असा सरकवा. ऑपरेशनच्या बाजूला ठेवलेलं टेबल त्यांना चंद्राइतकं लांब आहे. घास त्यांच्याच हातात द्या, सांडलं तर सांडू दे. ब्रिटनमध्ये कित्येक हॉस्पिटलांत ज्यांना जेवताना मदत लागते त्यांचा ट्रे लाल रंगाचा असतो, म्हणजे तो तसाच परत जाताना कोणाच्या तरी डोळ्यांत भरतो. आपल्याकडे ट्रे उचलणाऱ्या मामांना घाई असते. म्हणून बारा ते एक या वेळात घरचं माणूस तिथे हवंच. सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला भेटायला येऊन उपयोग नाही.

भरवताना ठसका लागतो का, घोट घेतल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का, हे मात्र लक्ष देऊन बघा. तसं असेल तर भरवणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. झोपेत, गुंगीत, आडवं असताना एक चमचासुद्धा नको. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवा.

आणि हो, भूक आली म्हणून एकदम डिंकाचे लाडू नकोत. पाच-सात दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या लोकांत डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. म्हणून गरजेच्या निम्म्यानं सुरुवात, चार-पाच दिवसांत वाढ, आणि या क्षारांची रक्ततपासणी व थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं. नणंदेची ‘घरी नेऊ’ ही कल्पना मला या एका कारणासाठी आत्ता पटत नाही. तिचा जीव तुटतोय हे खरं आहे, पण हे घरी कळणार नाही.

आता नळी. डॉक्टरांनी धमकी दिलेली नाही, एक मार्ग सांगितलाय. नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूब खाटेवरच घालतात, घालताना ओकारी येते, नाकात टोचत राहतं, संभ्रमातले रुग्ण ती उपसून काढतात. हाल अजिबात नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ज्यांचं आजारपण सुधारणारं आहे त्यांच्यासाठी ती आठ-दहा दिवसांची सोय असते. गिळणं ठीक असेल तर नळी असतानाही तोंडानं खाता येतं, आणि पोटात अन्न गेलं की अंगात थोडी तरतरी येऊन भूक परत येते, असं वॉर्डात अनेकदा दिसतं. स्मृतिभ्रंशाच्या अगदी शेवटच्या टप्प्यातल्या माणसाचा प्रश्न निराळा. तिथे नळीनं आयुष्य वाढल्याचा किंवा हाल कमी झाल्याचा पुरावा नाही, आणि तिथे हातानं दिलेले दोन चमचेच योग्य असतात. तुमच्या नणंदेनं कदाचित तसं कोणाचं तरी पाहिलं असेल. सासूबाई पडण्याच्या आदल्या दिवशी भाजी निवडत होत्या. त्यांना त्या रांगेत बसवू नका.

माझं मत विचाराल तर आधी तीन दिवस मागून घ्या. डॉक्टरांना सांगा: कवळी, बद्धकोष्ठ, गोळ्या, पथ्य, एवढं सगळं सुधारून बघतो, प्रत्येक घास लिहून ठेवतो, आणि आकडा निम्म्याच्या वर गेला नाही तर नळीला आमची ना नाही. गिळण्यात दोष निघाला किंवा त्या गुंगीतच राहिल्या तर तीन दिवसही थांबू नका. नळी घातलीच तर ‘कधी काढायचा विचार करायचा?’ ती तारीखही फाईलवर लिहून घ्या. आणि सासूबाईंना विचारा. चार माणसं त्यांच्या नाकाबद्दल चर्चा करतायत, आणि त्या सकाळच्या वेळी चांगल्या भानावर असतात, असं तुम्हीच लिहिलंय.

हे तीन दिवस आहारतज्ज्ञाशिवाय काढू नका. हॉस्पिटलला एनएबीएचचं (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं) मानांकन असेल तर दाखल होताना पोषणाची चाचणी व्हायला हवी असते. फाईलमध्ये ती आहे का विचारा. नसेल तर सहा प्रश्नांची एक साधी चाचणी वृद्धांसाठी जगभर वापरतात: खाणं घटलं का, तीन महिन्यांत वजन किती उतरलं, हिंडणंफिरणं, अलीकडचा मोठा आजार, मन-स्मृती आणि बांधा. वजनकाट्यावर उभं करता येत नसेल तर शिंप्याची टेप घेऊन चांगल्या पायाच्या पोटरीचा घेर मोजतात. तो ३१ सेंटिमीटरच्या आत असेल तर काळजीचं. १४ पैकी ७ किंवा कमी गुण म्हणजे कुपोषण. मला सासूबाईंचे गुण पत्रावरूनच दिसतायत.

याचा उपयोग होतो का? २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या आठ हॉस्पिटलांतला अभ्यास आला. कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांहून जास्त रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचं जेवण मिळालं, निम्म्यांना आहारतज्ज्ञांनी माणूस बघून आखलेलं. महिन्याभरात पहिल्या गटात शंभरातले दहा दगावले, दुसऱ्या गटात सात. आणि हे बहुतेक सगळं तोंडानं खाऊनच. नळीची वेळ फार थोड्यांवर आली.

जेवणातून भागत नसेल तर प्रथिनांची पावडर लागेल. डब्यावरचा फोटो बघू नका, मागचा तक्ता वाचा. दिवसाला निदान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं त्यातून मिळायला हवीत, तीही किमान महिनाभर. मोठा पेला भरून दिलात तर जेवण बुडेल. दर वेळी गोळी गिळताना पाण्याऐवजी ६० मिली द्या. लहान औषधाचं माप भरलेलं कोणी नाकारत नाही.

सरकारी दवाखान्यात किंवा महात्मा जोतिराव फुले योजनेत दाखल असलेल्यांचे नातेवाईकही हे वाचत असतील. योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण धरलेलं असतं, ते मागून घ्या. किचनमधलं दूध आणि अंडं बाजूच्या खाटेवर जाऊ देऊ नका. आणि बाजूच्या खाटेवर एकटं म्हातारं माणूस असेल तर त्याच्या दुधाच्या पिशवीचं तोंड फाडून द्या. ते त्यांना फाडता येत नाही.

राहिला ‘सुनेनं भरवलं नाही’चा धाक. खाल्लेलं लिहायची वही नणंदेच्या हातात द्या. दुपारचा ट्रे तिचा, रात्रीचा तुमच्या यजमानांचा, सकाळचा तुमचा. ज्यानं ट्रे बघितला त्यानं लिहायचं: पाव, अर्धा, पूर्ण. राऊंडला तीच वही डॉक्टरांसमोर धरा. त्यानंतर ‘कोणी भरवलं’ यापेक्षा ‘किती गेलं’ यावर बोलणं सुरू होईल.

डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर गोळ्या असतील, टाके काढायची तारीख असेल, फिजिओथेरपी असेल. वजन आणि आहार बहुधा नसेल. ते लिहून मागा. वॉकर धरून चार पावलं टाकायला लागल्या की हॉस्पिटलच्या काट्यावर उभं करून आकडा घ्या, घरी गेल्यावर दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर, सकाळी, चहाच्या आधी. आणखी दोन किलो उतरलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.